सहा हजार मुलांची एक शाळा आणि तिच्या पोटातल्या छोट्या शाळा

अमेरिकेतल्या शाळांबद्दल मराठीत बोलायला लागलं की पहिल्या दोन शब्दांतच गोंधळ होतो. 'पब्लिक स्कूल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टाय बांधलेली मुलं आणि भरमसाट फी येते, कारण आपल्याकडे पाटीवर 'पब्लिक स्कूल' लिहिणाऱ्या शाळा बहुतेक खासगी असतात. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा. लोकांच्या करातून चालते, फी नसते. 'हायस्कूल'चंही तसंच. आपलं हायस्कूल दहावीला संपतं, मग अकरावीला मुलं 'कॉलेजात' जातात. तिकडे नववी, दहावी, अकरावी, बारावी ही चार वर्षं मिळून हायस्कूल होतं. मध्ये कुठेही 'सायन्स की कॉमर्स की आर्ट्स' असा फाटा फुटत नाही.

एवढं लक्षात ठेवलं की पुढचा प्रश्न नीट विचारता येतो. फाटा नसलेल्या या चार वर्षांत काही सरकारी हायस्कूलं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना वास्तुरचना, विमानशास्त्र, कायदा, वित्त, सॉफ्टवेअर असा एक 'करिअर'चा विषय निवडायला सांगतात. ते कसं चालतं? ती आयटीआय आहे का? डिप्लोमा आहे का? की शेवटी आपल्या अकरावीचंच वेगळं नाव?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न मूल आठवीत गेलं की येतोच. इथे महाराष्ट्रात बसून ऐकणाऱ्या आजी-आजोबांना तर तो आणखी गोंधळात टाकतो. 'एवढ्या लवकर ठरवून टाकलं? उद्या मन बदललं तर?' ही काळजी अगदी रास्त आहे. उत्तर द्यायला मी एका खऱ्या शाळेपासून सुरुवात करतो.

न्यूयॉर्क शहरात ब्रुकलिनच्या फोर्ट ग्रीन भागात 'ब्रुकलिन टेक्निकल हायस्कूल' आहे. सगळे तिला 'ब्रुकलिन टेक' म्हणतात. चार इयत्ता मिळून जवळपास सहा हजार विद्यार्थी. आपल्याकडे दोन हजारांचा पट असला तरी आपण 'केवढी मोठी शाळा' म्हणतो. इथे त्याच्या तिप्पट मुलं एकाच इमारतीत, एकाच वेळी असतात. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ६० लाख डॉलर खर्चून बांधलेली ही बहुमजली इमारत चौकाचा एक अख्खा तुकडा व्यापून उभी आहे. सभागृहात सुमारे तीन हजार खुर्च्या आहेत, आणि तरीही सगळी शाळा एका वेळी त्यात मावत नाही. छपरावर रेडिओचा उंच मनोरा आहे. तो लांबून दिसतो.

ही शाळा सुरू झाली १९२२ साली, एका जुन्या गोदामाच्या इमारतीत. तेव्हा ती फक्त मुलग्यांची होती. अल्बर्ट कोल्स्टन नावाचे गणिताचे शिक्षक तिच्या मागे होते आणि तेच तिचे पहिले मुख्याध्यापक झाले. तेव्हाच्या न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांच्या, कामगारांच्या मुलांपुढे साधारण दोन वाटा असत. एक होती लॅटिन, साहित्य, गणित शिकवून विद्यापीठात नेणारी. दुसरी होती हातात हत्यार देऊन कारखान्यात पाठवणारी. शहरात पूल, वीज, गाड्या, यंत्रं यांचं काम झपाट्याने वाढत होतं. त्याला हाताने काम जाणणारी आणि कागदावर हिशेब मांडणारी, अशी दोन्ही अंगांची माणसं हवी होती. कोल्स्टन यांनी दोन्ही वाटा एका शाळेत आणल्या.

दोन्ही वाटा म्हणजे नेमकं काय, हे त्या शाळेच्या फाउंड्रीवरून, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कार्यशाळेवरून कळतं. कोल्हापूर-शिरोलीकडच्या वाचकाला हे समजवायला नको. मुलाने आधी कागदावर भागाचं तांत्रिक रेखाटन करायचं. मग त्याचा लाकडी पॅटर्न बनवायचा. तो पॅटर्न वाळूत दाबून साचा करायचा, त्यात वितळलेला धातू ओतायचा, थंड झाल्यावर ती ओतीव वस्तू मशीन शॉपमध्ये घासून मापात आणायची. याच मुलाने त्याच आठवड्यात बीजगणित सोडवायचं आणि निबंधही लिहायचा. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न किंचित मोठा करावा लागतो. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत येते. स्वतःच्या हातचा भाग मापात कमी पडला की मात्र ती जन्मभर लक्षात राहते. शाळेत पदार्थांची ताकद तपासायची प्रयोगशाळा होती, विमानशास्त्रासाठी वाऱ्याचा बोगदा होता. आता फाउंड्री राहिली नाही, तिची जागा संगणकांनी आणि रोबोटिक्सने घेतली. रेखाटनाचा आग्रह मात्र टिकला. नववीत येणाऱ्या मुलांना आजही आराखडा आणि उत्पादन यांचा पायाभूत विषय असतो, पुढे ते कायद्याकडे जाणार असले तरी.

आता चार वर्षांची रचना पाहू. नववी आणि दहावी सगळ्यांना साधारण सारखी. दहावीत असताना मुलं आपल्या पसंतीचे 'मेजर' क्रमाने लिहून देतात. मेजर म्हणजे मुख्य विषयांचा गट. ही यादी लांबलचक आहे आणि काळानुसार बदलत आली आहे: विमान अभियांत्रिकी, वास्तुरचना, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, मेकॅट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर, जीवशास्त्र, रसायन, पर्यावरण, गणित, वित्त, औद्योगिक डिझाइन, कायदा आणि समाज, सामाजिक शास्त्रांतलं संशोधन. पसंती आणि आधीची शैक्षणिक कामगिरी पाहून जागा मिळते. मग अकरावी आणि बारावीत त्या मेजरचे तास असतात.

इथे आपल्या मनातलं चित्र दुरुस्त करायला हवं. मेजर मिळाला म्हणजे बाकीचे विषय सुटले, असं होत नाही. न्यूयॉर्क राज्यात हायस्कूलचा डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, हवा असेल तर प्रत्येकाला चार वर्षं इंग्रजी, चार वर्षं सामाजिक शास्त्र, तीन वर्षं गणित आणि तीन वर्षं विज्ञान घ्यावंच लागतं. वास्तुरचनेचा मेजर घेतलेली मुलगी दिवसातला काही वेळ आराखडे काढते, आणि उरलेला दिवस सॉफ्टवेअरवाल्या मुलाशेजारी बसून अमेरिकेचा इतिहास शिकते. कायद्याचा मेजर घेतलेल्यालाही भौतिकशास्त्र चुकत नाही. म्हणजे मेजर हा जेवणाच्या ताटातला एक वाढीव पदार्थ आहे. त्याच्यासाठी ताटातली भाकरी काढून घेतलेली नाही.

आपल्या अकरावीशी फरक आहे तो इथे. आपल्याकडे आर्ट्सला गेलेलं मूल विज्ञानाला कायमचा निरोप देतं, आणि सायन्सला गेलेलं मूल इतिहासाला. सोळाव्या वर्षी घेतलेला तो निर्णय मागे फिरवणं अतिशय कठीण जातं. ब्रुकलिन टेकमध्ये सिव्हिल इंजिनिअरिंगचा मेजर पूर्ण करून मुलगी विद्यापीठात जीवशास्त्राला गेली तर तिच्याकडे लागणारे विषय असतातच. हे मुद्दाम ठेवलेलं आहे आणि मला ते या सगळ्या रचनेतलं सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्याकडे जवळचं उदाहरण शोधायचं तर बारावी सायन्सचं 'बायफोकल'. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा दोनशे मार्कांचा व्यावसायिक विषय, बाकी पीसीएम. पण त्यासाठी आपण दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडून देतो, आणि कित्येक घरांत तो घेण्यामागचं खरं कारण 'त्यात मार्क पडतात' हे असतं.

मग प्रश्न उरतो: विषय सगळे शिकायचेच आहेत, तर वर हा करिअरचा रंग कशाला? साधं चांगलं हायस्कूल पुरलं नसतं?

याचं उत्तर ब्रुकलिन टेकच्या भिंतींबाहेर आहे, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९१७ साली अमेरिकेत स्मिथ-ह्यूज कायदा झाला. शाळांत शेती, कारागिरी आणि गृहशास्त्र शिकवायला केंद्र सरकारने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात पैसे दिले. हेतू चांगला होता. पण त्याच्या नियमांनी व्यवसाय शिकणारी मुलं आणि पुस्तकी विषय शिकणारी मुलं यांच्यात भिंत उभी राहिली. पैसे वेगळे, शिक्षक वेगळे, वेळापत्रक वेगळं. पुढच्या दशकांत एकाच इमारतीत दोन शाळा नांदू लागल्या. वरच्या वर्गांत कॉलेजला जाणारी मुलं, खालच्या वर्कशॉपमध्ये बाकीची. आणि ही 'बाकीची' कोण असत? गरीब घरांतली, स्थलांतरितांची, कृष्णवर्णीयांची मुलं. मुलींना शिवण, स्वयंपाक आणि टंकलेखन. 'हा काही पुढे शिकणार नाही' असा शिक्का चौदाव्या वर्षी बसायचा आणि तो मुलाच्या हुशारीपेक्षा त्याच्या वस्तीकडे पाहून मारला जायचा. म्हणूनच अमेरिकेत 'व्होकेशनल' हा शब्द इतका बदनाम झाला की पुढे कायद्यांतूनही तो हटवून 'करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन' असं नाव घेतलं गेलं. आपल्याकडे आयटीआयबद्दल किंवा 'किमान कौशल्य'च्या अकरावीबद्दल घराघरांत जो सूर लागतो, तो इथल्या वाचकाला या गोष्टीत लगेच ऐकू येईल.

दुसरी अडचण होती आकाराची. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेने मोठमोठी हायस्कूलं बांधली. मोठी शाळा म्हणजे जास्त विषय, चांगल्या प्रयोगशाळा, मोठं मैदान. पण तीन हजारांच्या गर्दीत एखादं मूल आठवडाभर आलं नाही तरी कोणाच्या लक्षात येत नाही. तास संपला की सात वेगवेगळे शिक्षक सात वेगवेगळ्या खोल्यांत असतात, आणि त्यांच्यात आपसांत त्या मुलाबद्दल कधी बोलणं होत नाही.

या दोन्ही दुखण्यांवर एक औषध १९६९ साली फिलाडेल्फियात सापडलं. तिथल्या एडिसन हायस्कूलमध्ये मुलं मोठ्या संख्येने शाळा सोडत होती. शहरातल्या वीज कंपनीला आणि इतर उद्योगांना सोबत घेऊन शाळेच्या आतच एक 'इलेक्ट्रिकल अकॅडमी' काढली गेली. थोडी मुलं, ठरावीक शिक्षक, तेच सोबती दोन-तीन वर्षं. गणिताचा शिक्षक, इंग्रजीचा शिक्षक आणि विजेचा शिक्षक एकत्र बसून ठरवणार की या महिन्यात काय शिकवायचं. कंपनीतली माणसं शाळेत येणार, मुलं सुट्टीत तिथे काम करणार. ही 'करिअर अकॅडमी'ची सुरुवात. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियाने ती उचलली, आधी दोन हायस्कूलांत, मग राज्याच्या पैशाने कितीतरी ठिकाणी. १९८२ साली ब्रुकलिनमधल्याच जॉन ड्युई हायस्कूलमध्ये वित्तक्षेत्रातल्या सँडी वाइल यांच्या पुढाकाराने 'अकॅडमी ऑफ फायनान्स' सुरू झाली आणि तिथून तिचं देशभर जाळं झालं.

तर आज कुणी 'आमच्या हायस्कूलमध्ये आरोग्य, माध्यमं, अभियांत्रिकी अशा अकॅडमी आहेत' असं म्हणालं, तर त्याचा अर्थ असा घ्यायचा: शाळा मोठी आहे, तिच्या पोटात दीडशे-दोनशे मुलांच्या छोट्या शाळा केल्या आहेत, आणि त्या प्रत्येकीला एक धागा दिला आहे. आरोग्याच्या अकॅडमीत इंग्रजीच्या तासाला साथीच्या रोगांवरचा मजकूर वाचतील, गणितात औषधाच्या मात्रेची प्रमाणं काढतील, आणि एखादा दिवस जवळच्या इस्पितळात घालवतील. तिथली सगळी मुलं डॉक्टर-नर्स होणार नाहीत, आणि व्हायला हवीत अशी अपेक्षाही नाही. धाग्याचं काम वेगळं आहे. 'हे मी कशासाठी शिकतोय?' या प्रश्नाला रोजच्या रोज काहीतरी खरं उत्तर मिळावं, आणि आपल्याला नावाने ओळखणारी मोठी माणसं आजूबाजूला असावीत.

याने फायदा होतो का, हे मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. कारण अकॅडमीत जाणारी मुलं मुळातच उत्साही असतील तर त्यांचं पुढे भलं होणारच. त्याचं श्रेय अकॅडमीला कसं द्यायचं? ही अडचण ओळखून एमडीआरसी या संशोधन संस्थेने १९९३ पासून एक लांबचा अभ्यास केला. देशातल्या नऊ हायस्कूलांतल्या अकॅडमींना जागांपेक्षा जास्त अर्ज आले होते. कोणाला जागा मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. ज्यांना चिठ्ठी लागली आणि ज्यांना लागली नाही, ती दोन्हीकडची मुलं इच्छुकच होती. फरक फक्त नशिबाचा. मग बारावीनंतर आठ वर्षं त्यांचा पाठपुरावा केला.

२००८ साली आलेले निष्कर्ष मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला दोनदा वाचावे लागले. अकॅडमीतल्या मुलांचे परीक्षेतले गुण इतरांपेक्षा वाढले नव्हते. हायस्कूल पूर्ण करण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच चांगलं होतं. पुढच्या शिक्षणातही फरक नव्हता, आणि अकॅडमीवाली मुलं कॉलेजात मागे पडली असंही झालं नाही. पण कमाई मात्र वेगळी होती. चिठ्ठी लागलेल्या मुलांनी त्या आठ वर्षांत दरवर्षी सरासरी ११ टक्के, म्हणजे सुमारे २,०८८ डॉलर जास्त कमावले. तरुण मुलग्यांमध्ये हा फरक १७ टक्क्यांच्या आसपास होता. मुलींच्या बाबतीत तो ठामपणे सांगता येईल इतका मोठा नव्हता. आणखी एक गोष्ट नोंदली गेली: अकॅडमीतल्या मुलांनी पुढे स्वतःचं घर, जोडीदार, मुलं असं स्थिर कुटुंब उभं करण्याची शक्यता जास्त होती.

गुण तेच, पदव्या त्याच, मग कमाई का वाढली? अभ्यासाने याचं एकच कारण सिद्ध केलेलं नाही. पण ज्या अकॅडमींत शिक्षकांचा आधार आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव मुलांना खरोखर मिळाला, तिकडे बोट दाखवणाऱ्या खुणा आहेत. मला ते पटतं, कारण आपल्याकडेही तेच दिसतं. ज्या मुलाच्या घरात कोणी इंजिनिअर, वकील, सीए आहे, त्याला नोकरीच्या मुलाखतीत कसं बसायचं, साहेबाला प्रश्न कसा विचारायचा, कुठल्या कंपनीत कोणाला भेटायचं हे न शिकवता येतं. ज्याच्या घरात असं कोणी नाही, त्याला हे शिकवणारी जागा शाळेशिवाय दुसरी कुठली? अकॅडमी अशा मुलाला सोळाव्या वर्षी ऑफिसचं दार उघडून आत नेते आणि सोबत एक ओळखीचा माणूस देते. गुणपत्रिकेत याला रकाना नाही.

सगळ्याच करिअरच्या शाळा मात्र 'धागा' देऊन थांबत नाहीत. काही पार परवान्यापर्यंत नेतात. न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात 'एव्हिएशन हायस्कूल' आहे. तिथे हँगर आहे, त्यात खरी विमानं आहेत, आणि मुलं त्यांची इंजिनं खोलून पुन्हा जोडतात. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने या शाळेला मान्यता दिलेली असल्यामुळे मुलं विमानाचा सांगाडा आणि इंजिन अशा दोन्ही प्रकारच्या दुरुस्तीच्या परवान्यांची परीक्षा देऊ शकतात. त्यासाठी हवं तर पाचवं वर्षही थांबता येतं. अठरा-एकोणीस वर्षांचं मूल परवाना खिशात घेऊन बाहेर पडतं, आणि हायस्कूलचा डिप्लोमाही हातात असतोच. पालकांनी हा फरक नीट समजून घ्यावा. एखाद्या शाळेत 'आरोग्यविज्ञान' अशी पाटी असेल, तर ती आवड लावणारी आहे की परवाना देणारी, हे विचारल्याशिवाय कळत नाही. दोन्ही चांगल्या आहेत, पण एकीकडून दुसरीची अपेक्षा केली तर मुलाची वर्षं वाया जातात.

आता ब्रुकलिन टेककडे परत येऊ, कारण तिच्याबद्दलचा सर्वांत अवघड भाग अजून बाकी आहे. तिथे प्रवेश कसा मिळतो?

एका परीक्षेने. १९७१ च्या राज्य कायद्याने, ज्याला हेक्ट-कॅलँड्रा कायदा म्हणतात, स्टायव्हेसंट, ब्रॉन्क्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या तीन शाळांचा प्रवेश फक्त लेखी स्पर्धा परीक्षेवर ठेवला. पुढे शहराने आणखी काही शाळा त्यात घातल्या. इंग्रजी आणि गणित, तीन तास. आठवीतली मुलं शरद ऋतूत परीक्षा देतात आणि वसंतात निकाल कळतो. दरवर्षी पंचवीस हजारांहून जास्त मुलं बसतात, आणि सगळ्या शाळा मिळून जागा साधारण चार हजार मुलांना मिळतात. ब्रुकलिन टेक सर्वांत मोठी असल्याने त्यातला मोठा वाटा तिचा. शाळेचे गुण, शिक्षकांचं मत, मुलाखत, काहीही बघत नाहीत. स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलेल्या, क्लास लावलेल्या मराठी घराला हे वातावरण चांगलं ओळखीचं वाटेल.

मुलींना ब्रुकलिन टेकमध्ये प्रवेश १९७० मध्ये मिळाला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इथले जवळपास निम्मे विद्यार्थी कृष्णवर्णीय होते. आज ते प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आहे, आणि निम्म्याहून जास्त विद्यार्थी आशियाई वंशाचे आहेत. यांतली बरीचशी मुलं श्रीमंत नाहीत, हेही सांगायला हवं. टॅक्सी चालवणाऱ्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्या आई-बापांनी पोटाला चिमटा काढून क्लासची फी भरलेली असते. २०१८ साली तेव्हाचे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी परीक्षा रद्द करून प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या अव्वल मुलांना जागा द्यायचा प्रस्ताव मांडला. आशियाई पालक रस्त्यावर उतरले, आणि राज्याच्या विधिमंडळात प्रस्ताव पुढे सरकला नाही. गरीब घरांतल्या, परीक्षेत थोडक्यात हुकलेल्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग घेऊन प्रवेश देणारी 'डिस्कव्हरी' योजना मात्र वाढवली गेली.

माझं मत विचाराल तर, मला दोन्ही बाजूंचं दुःख खरं वाटतं. परीक्षा नसती तर कदाचित ओळखी-वशिल्याने जागा गेल्या असत्या, हे स्थलांतरित बापाचं म्हणणं खोटं नाही. पण ज्या वस्तीतल्या शाळेत आठवीपर्यंत बीजगणितच शिकवलं जात नाही, तिथल्या मुलीसाठी ही परीक्षा सुरू व्हायच्या आधीच संपलेली असते, हेही तितकंच खरं.

यातून एक सावधगिरी निघते, आणि ती मी आवर्जून सांगतो. ब्रुकलिन टेकच्या माजी विद्यार्थ्यांची यादी डोळे दिपवणारी आहे. जॉर्ज वॉल्ड आणि आर्नो पेंझियास हे दोन नोबेल विजेते इथले, 'बार्न्स अँड नोबल' हे पुस्तकांचं साम्राज्य उभारणारे लिओनार्ड रिजिओ इथले. पण या यादीवरून 'मेजर पद्धतीमुळे मुलं मोठी होतात' असा निष्कर्ष काढता येत नाही. शहरभरातून चाळून घेतलेली मुलं कुठेही ठेवली असती तरी त्यांतली बरीच चमकली असती. करिअरच्या धाग्याचा उपयोग होतो याचा पुरावा हवा असेल तर तो चिठ्ठी टाकून प्रवेश दिलेल्या त्या नऊ साध्या हायस्कूलांत आहे, जिथे ना कसली परीक्षा होती ना कोणाचं नाव गाजलं. शिकायचं तर मी त्यांच्याकडून शिकेन.

आता व्यवहाराचं बोलू. न्यूयॉर्क शहराच्या या शाळांसाठी शहराचे रहिवासीच पात्र असतात. शेजारच्या न्यू जर्सी राज्यात एडिसन गावी राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हडसन नदीपलीकडची ब्रुकलिन टेक मिळणार नाही. पण न्यू जर्सीत काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, स्वतःच्या शाळा आहेत. हॅकेन्सॅकची 'बर्गन काउंटी अकॅडमीज' सात अकॅडमींत विभागलेली आहे. एडिसनमध्येच मिडलसेक्स काउंटीची विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीची अकॅडमी आहे. प्रत्येकीचे प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, आणि ते आठवीच्या सुरुवातीलाच बघावे लागतात, कारण अर्जांच्या तारखा हिवाळ्याच्या आधीच निघून जातात.

शाळा बघायला जाल तेव्हा इमारत आणि रोबोट बघून भारावून जाणं स्वाभाविक आहे. तरी तिथल्या शिक्षकांना काही साधे प्रश्न विचाराच. अकरावीच्या मध्यात मुलाचं मन बदललं तर मेजर बदलता येतो का, आणि आजवर किती जणांना बदलू दिला? मेजर घेतल्यावर वरच्या पातळीचं गणित, विज्ञान किंवा भाषा यांतलं काही हुकतं का? प्रत्यक्ष काम करायला किती मुलं जातात, सगळी की निवडक? शेवटी परवाना मिळतो, कॉलेजचे क्रेडिट मिळतात, की फक्त प्रमाणपत्र? आणि एका अकॅडमीतले शिक्षक आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसतात का? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण सगळ्यांत जास्त माहिती त्याच्या उत्तरातून मिळते. शिक्षक बसत नसतील तर अकॅडमी फक्त पाटीवर आहे.

मुलगा किंवा मुलगी सोबत असेल, तर तुमचे प्रश्न झाल्यावर थोडं मागे व्हा आणि त्यांना तिथल्या अकरावीतल्या एखाद्या विद्यार्थ्याशी एकट्याने बोलू द्या. परतीच्या गाडीत 'काय विचारलंस?' एवढंच विचारा.